चार वर्षं उभी असलेली व्होल्वो २४० इस्टेट घ्यावी का?

तुमचं पत्र सावकाश वाचलं, फोटोही पाहिले. स्वीडनमधल्या गोथेनबर्गजवळ, मोल्नदालला, तुमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांची १९९० ची व्होल्वो २४० इस्टेट आहे, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली पाच दरवाजांची गाडी. गडद निळी, एकच मालक, मीटरवर १,४२,००० किलोमीटर, कायम गॅरेजात. आजोबांची नजर अधू झाल्यामुळे गेली चार वर्षं ती जागची हललेली नाही. तुमची मुलं सहा आणि तीन वर्षांची. तुम्ही विचारता, 'काका, गाडी काल शोरूममधून आणल्यासारखी जपली आहे. रोजच्या वापराला घेऊ का? आणि बघायला जाताना नेमकं काय बघू?'

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामाच्या गॅरेजात पान्हा धरायला शिकलो आणि गेली सव्वीस वर्षं गोथेनबर्गच्या परिसरात बहुतेक याच गाड्यांखाली आडवा होतोय. फोटोतला चकाकता पत्रा पाहून बरं वाटलं, पण माझं मन अडकलं ते 'चार वर्षं' या दोन शब्दांवर. १,४२,००० हे या इंजिनाला काहीच नाही. वेळेवर तेल बदललं असेल तर ही इंजिनं तीन-चार लाख किलोमीटर कुरकुर न करता जातात. उभं राहणं मात्र या गाडीला मानवत नाही. ब्रेकचे पिस्टन जागीच धरतात, ऑइल सील सुकतात, रबरी नळ्यांना भेगा पडतात, टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास यायला लागतो. आणि यातलं काहीही फोटोत दिसत नाही. गाडी झाकून ठेवणं वेगळं आणि चालती ठेवणं वेगळं. निवड करायची वेळ आली तर मी रोज चालणारी, दोन-चार पोचे पडलेली २४० आधी घेईन. तुमच्या शेजाऱ्यांची गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. तिची किंमत ठरवताना आणि ती घरी आणताना ही चार वर्षं हिशेबात धरा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे व्होल्वो म्हटलं की मुंबई-पुणे एसी बस डोळ्यांसमोर येते. इथे स्वीडनमध्ये मात्र तो शब्द एका अख्ख्या पिढीला बापाच्या इस्टेट गाडीची आठवण करून देतो. १९५३ साली 'दुएत' आली. आठवडाभर माल वाहायचा आणि रविवारी घरच्यांना फिरवायचं, अशी एका गाडीत दोन कामं, म्हणून ते नाव. मग १९६२ ची अ‍ॅमेझॉन इस्टेट, १९६७ ची १४५ आणि १९७४ च्या उन्हाळ्याअखेरीस २४० ची मालिका. तिची इस्टेट सुरुवातीला २४५ या नावाने विकली जायची; शेवटचा ५ म्हणजे पाच दरवाजे. यान विल्सगोर्ड या डिझायनरने पाठ जवळजवळ उभी कापली ती सामानासाठी. छत उतरतं नसल्यामुळे कपाटाचे खोके, मुलाची ढकलगाडी, कुत्रं, सगळं एकमेकांवर न चेपता मावतं. ५ मे १९९३ ला उत्पादन थांबलं तोवर २८ लाखांहून जास्त २४० आणि तिच्याच मालिकेतल्या महागड्या २६० बनल्या होत्या, आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश इस्टेट होत्या.

इतक्या बनूनही चांगल्या इस्टेट आता कमी का दिसतात, तर माणसांनी त्या खरोखर वापरल्या. ट्रेलर ओढला, लाकडं वाहिली. पुढे बऱ्याच गाड्या खेड्यांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी मागचा भाग कापून 'आ-ट्रॅक्टर' करून टाकल्या, म्हणजे ताशी ३० किलोमीटरपर्यंत चालवायच्या गाड्या. उरलेल्यांना रस्त्यावरच्या मिठाने खाल्लं. म्हणून मालकाने मायेने ठेवलेली एखादी समोर आली की मलाही भरून येतं, आणि म्हणूनच मी ती दुप्पट बारकाईने तपासतो.

आता पत्रा. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि पत्राच बघा. इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. पत्रा गेला की गाडी गेली. गोथेनबर्ग समुद्रकाठी आहे, हिवाळा ओला आणि रस्त्यावर मीठ. उत्तरेकडे कडाक्याच्या थंडीत मिठाचा उपयोग होत नाही म्हणून खडी टाकतात, त्यामुळे तिकडच्या गाड्या खालून बऱ्या राहतात. तुमची गाडी इथलीच, तेव्हा खाली वाकावंच लागेल.

पुढची दोन्ही रबरी पायपुसणी उचला, मग त्याखालचा गालिचा कडेने सोडवा आणि त्याच्या खालच्या जाड नमद्यात बोटं दाबा. बोटं ओली झाली तर पाणी कुठून आलं ते शोधा. काचेखालच्या जाळीतून पाणी निचरा होण्याची वाट असते. तिथे बर्चची पानं कुजून बसली की पाणी सरळ आत उतरतं. ओल चिकट लागली आणि गोडसर वास आला तर तो कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे; हीटरचा रेडिएटर गळतोय. काचेवर आतून सारखं तेलकट धुकं धरत असेल तर तीच खूण समजा. वरून नवीन दिसणाऱ्या गाडीच्या गालिचाखाली मी मूठभर गंजाचा भुगा पाहिलेला आहे.

मग मागे जा. सामानाच्या जागेचं झाकण उचलून स्टेपनी बाहेर काढा आणि त्या खळग्याच्या तळाला टॉर्च मारा. मागच्या बाजूच्या काचांचं सील सुकलं की पाणी इथे साचतं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मागच्या दरवाजाची खालची कड, काचेखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानींच्या कडा, जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे. प्रत्येक ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चांगला पत्रा टणटणतो. खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) भरलेली असेल किंवा आतून सडला असेल तर आवाज भद्द येतो. सोबत लहान लोहचुंबक ठेवा, कमानींवरून फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे थांबा. गाडीखाली टेक्टिल, म्हणजे गंज रोखणारा काळा, मेणचट लेप फासलेला दिसेल. ते असणं चांगलंच, पण ते ताजं, जाड आणि नेमकं एकाच जागी फासलेलं असेल तर तिथे हात घालून बघा.

मीटरबद्दल. या गाड्यांच्या मीटरमधलं प्लास्टिकचं एक चिमुकलं दातेरी चाक फुटतं आणि किलोमीटर मोजणं बंद पडतं. वेग दाखवणारा काटा चालूच राहतो, त्यामुळे मालकाच्या कित्येक वर्षं लक्षातही येत नाही. वर्मलांड प्रांतात एकदा मी अशीच एक लाल इस्टेट बघायला गेलो होतो. मीटरवर ९४,०००. बाहेरून डाग नाही. मी खाली बसून ब्रेकचं पेडल पाहिलं तर रबर इतकं झिजलेलं की एका कोपऱ्यात लोखंड दिसत होतं, आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पार बसलेली. ९४,००० मध्ये असं होत नाही. मालक खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही चालवून बघाल तेव्हा शेवटचा आकडा हलतो का ते बघा, आणि इथल्या सक्तीच्या वाहन-तपासणीचे जुने कागद मागा. प्रत्येक तपासणीत किलोमीटर लिहिलेले असतात. आजोबा 'चौदा हजार मिल' म्हणाले तर दचकू नका. इथला मिल म्हणजे १० किलोमीटर, आपला मैल नव्हे.

इंजिन बहुधा बी२३०एफ असेल. २.३ लिटर, सुमारे ११५ अश्वशक्ती, लोखंडी ब्लॉक लाल रंगाचा. याच्या टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याबद्दल, लोक फार घाबरवतात. बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, पण या इंजिनात सहसा व्हॉल्व पिस्टनवर आदळत नाहीत. तरीही बेल्ट किती किलोमीटर चालला हे न विचारता बदलून टाका, रबराचं वय मोजा. १९८७ पर्यंतच्या गाड्यांत इंजिनाच्या वायरींवरचं आवरण हातात चुरा होऊन यायचं. तुमची १९९० ची त्यातून सुटली.

बी२३० मध्ये मी न चुकता एक गोष्ट करतो. इंजिन गरम झालं, चालू आहे, अशा वेळी तेल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा अलगद ठेवा. मोजा किंचित आत ओढला गेला तर उत्तम. फुगून उभा राहिला तर इंजिनाच्या पोटात दाब साठतोय. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली प्लास्टिकची एक छोटी वाटी असते, तिला फ्लेम ट्रॅप म्हणतात. तेलाच्या वाफांनी ती काजळून बंद होते. मग दाबाला वाट मिळत नाही आणि तो सील फोडून तेल बाहेर काढतो. वाटी साफ करणं तासाभराचं काम. पण ते न केल्यामुळे गेलेलं मागचं मेन सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चार वर्षं सुकलेल्या सीलवर असा दाब आला तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून ही वाटी आणि तिच्या नळ्या पहिल्याच आठवड्यात बदला.

गाडीतल्या पेट्रोलपंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज देणारं आपोआप चालणारं बटण, हा या गाडीचा दुसरा नाजूक भाग. माझी स्वतःची इस्टेट ई२० महामार्गावर स्कारा गावाच्या अलीकडे नोव्हेंबरच्या रात्री बंद पडली होती, मागे दोन्ही मुली झोपलेल्या. स्टार्टर फिरतोय, इंजिन उचलत नाही. डाव्या सीटसमोर डॅशबोर्डखाली हात घालून, म्हणजे माझ्या इंग्लंडहून आणलेल्या गाडीत, तो पांढरा रिले काढला, टॉर्चच्या उजेडात उघडला, तर आतल्या झाळणीच्या ठिपक्याभोवती केसाएवढी गोल चीर. तुमच्या गाडीत तो उजव्या सीटसमोर असेल. तात्पुरता दाबून घरी पोचलो आणि झाळून घेतला, पण तेव्हापासून नवा रिले गाडीत असल्याशिवाय मी लांब जात नाही. तुम्हीही एक घेऊन ठेवा. शिवाय पेट्रोलला दोन पंप असतात, एक टाकीत आणि मुख्य पंप गाडीखाली. गाडीखालून मधमाश्यांसारखी मोठी गुणगुण येत असेल तर टाकीतला पंप मेलेला असण्याची शक्यता जास्त आणि सगळा भार बाहेरच्यावर पडलेला.

तुमच्या वर्षाच्या गाडीत एक सोय आहे. बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूला एक छोटी काळी डबी दिसेल, तिला एक वायर आणि आकडे घातलेली भोकं. वायर २ नंबरात घाला, चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि बटण सेकंदभर दाबा. छोटा लाल दिवा उघडझाप करून तीन आकडे सांगतो. १-१-१ आलं तर इंधनाच्या यंत्रणेत नोंदलेला दोष नाही. मग ६ नंबरात घालून इग्निशनचं तसंच बघा. कॉम्प्युटर लागत नाही, काही लागत नाही. मला हे फार आवडतं.

मागच्या दरवाजाचा वायपर, काचेची तापणारी तार, नंबरप्लेटचा दिवा यांपैकी काही चालत नसेल तर मोटर बदलायला धावू नका. दरवाजा वर-खाली होऊन बिजागरीपाशी वायरी आतून तुटतात. फ्यूज जुन्या धाटणीचे, दोन्ही टोकं टोकदार. ओलीने त्यांच्या पकडी काळवंडतात. बोटाने प्रत्येक फ्यूज जागच्या जागी दोन-तीनदा फिरवला की निम्म्या तक्रारी मिटतात. हीटरचा पंखा मात्र सगळ्या वेगांवर चालवून कान देऊन ऐका. तो करकरत असेल तर किंमत कमी करून मागा, कारण त्या मोटरपर्यंत पोचायला सगळा डॅशबोर्ड सोडवावा लागतो, अख्खा दिवस जातो.

गिअर, क्लच, स्टिअरिंग नेहमीसारखंच बघा, या गाडीत तिथे सहसा दगाफटका नाही. ब्रेक चारही चाकांना डिस्कचे आहेत. चार वर्षांनंतर कॅलिपर (डिस्क पकडणारे ब्रेकचे चिमटे) मोकळे करणं, तेल बदलणं आणि हँडब्रेकच्या आतल्या पट्ट्या साफ करणं गृहीत धरा. टायरवर कितीही नक्षी दिसो, बाजूला लिहिलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपूर्वीचे असतील तर त्यांवर मुलांना बसवू नका.

मुलांबद्दल मी थोडं कठोर बोलणार आहे. व्होल्वोचं सुरक्षिततेचं नाव खरं आहे. तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट १९५९ साली निल्स बोहलिन यांनी इथेच दिला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. पण २४० चा सांगाडा सत्तरच्या दशकातला आहे. आजची साधी छोटी गाडीसुद्धा धडकेत माणसाला हिच्यापेक्षा जास्त सांभाळते. या गाडीत आयसोफिक्स, म्हणजे मुलांची सीट थेट अडकवायच्या कड्या, नाहीत. तुमच्या तीन वर्षांच्या मुलीला सीटबेल्टने बांधायची, मागे तोंड करून बसायची सीट घ्या, आणि ती खरेदीआधी याच गाडीत लावून बघा. सहा वर्षांच्याला पाठ असलेला बूस्टर, म्हणजे उंच बसवणारी सीट. १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत हे कायद्यानेच लागतं. सामानाच्या जागेत उलट्या तोंडाची घडीची जादा सीट असेल तर मुलं तिथेच बसायचा हट्ट करतील, मागच्या गाड्यांना हात हलवत जायची मजाच तशी असते. मी माझ्या मुलींना महामार्गावर तिथे कधी बसू दिलं नाही. मागून धडक बसली तर पहिला मार त्याच सीटला.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: घरात दुसरी नवी गाडी असेल आणि लांबच्या, बर्फातल्या प्रवासाला ती न्यायची असेल, तर ही जरूर घ्या. हिच्यातून बाजारहाट करा, उन्हाळ्यात तळ्याकाठी जा, आठवड्यातून दोनदा तरी २०-३० किलोमीटर फिरवा, म्हणजे ती खुशीत राहील. पण घरातली एकुलती एक गाडी म्हणून, जानेवारीच्या अंधारात पाळणाघराला जाण्यासाठी, मी तुम्हाला ही सुचवणार नाही. मिठाचे दोन हिवाळे आजोबांची छत्तीस वर्षांची मेहनत धुऊन टाकतील.

कागदांचं सोपं आहे. ३० वर्षांवरच्या गाडीला वाहनकर नाही. तपासणीची मुदत संपलेली असेल तर गाडी फक्त थेट ठरलेल्या तपासणीला किंवा दुरुस्तीला नेता येते, हौसेने फेरी मारून आणू नका. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं भरा. ९५ मध्ये ऑगस्ट २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि पस्तीस वर्षांच्या मूळ नळ्यांना ते मी देत नाही.

आणि एक विनंती. तुम्ही जाल तेव्हा आजोबा प्रेमाने बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू करून दाखवायला बघतील. त्यांना नम्रपणे थांबवा. चार वर्षं कोरड्या पडलेल्या इंजिनाला असं एकदम पेटवायचं नसतं. आधी जुनं पेट्रोल काढायचं, तेल आणि फिल्टर बदलायचा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं आणि पान्ह्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. ते अडखळलं नाही तर पेट्रोलपंपाचा रिले काढून स्टार्टरने तेलाचा दिवा विझेपर्यंत फिरवायचं, आणि मगच प्लग आणि रिले परत लावून ठिणगी द्यायची. मोज्याची आणि मीटरची परीक्षा त्यानंतरच.

बघायला जायचं ते पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, म्हणजे गळती लपणार नाही. जुने कपडे घाला, टॉर्च, लोहचुंबक आणि रबरी मोजे घ्या. सर्व्हिसचं पुस्तक, तपासणीचे कागद आणि जास्तीची चावी एकत्र मागून घ्या. आजोबांना आठवेल तेवढं सगळं त्यांच्याकडून ऐकून वहीत लिहा. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो. आधी कळवलंत तर जॅक आणि घोड्या घेऊन येईन, खाली मीच जातो.